टाचणी

शालननं टेप दोनदा लावून बघितली. हेमाची छाती डावी-उजवी अगदी सारखी भरली.

वर्षभरापूर्वी दोघी कॅन्सरच्या वॉर्डात शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. दोघींचाही डावा स्तन काढला. हेमानं नंतर नवा करून घेतला. शालन मात्र पोलक्यात कापसाची उशी खुपसून गावभरच्या बायकांची ब्लाउजं शिवत बसली. ‘तुम्हालाही नवा करायचा का, विचार करून सांगा,’ असं डॉक्टरांनी म्हटल्याला सहा महिने झाले होते. तिचं ठरत नव्हतं, आणि हेमाचं सुख बघवत नव्हतं.

“काय फिटिंग आलंय गं!” कच्चा शिवलेला ब्लाउज अंगावर चढवून हेमा आरशापुढं गिरकी घेत म्हणाली.

शालनच्या पोटात दुखलं. डावी बाजू टाचताना तिनं टाचणी मुद्दाम जरा खोल दाबली. ओरडू दे एकदा!

हेमा ओरडली नाही. आरशात बघून हसतच राहिली. ब्लाउजवर रक्ताचा बारीक ठिपका उमटला.

शालननं घाबरून टाचणी उपसली. “अगं, दुखलं नाही तुला?”

“तिथं काही कळतच नाही मला. हा नुसता आरशासाठी. मला आरशाची हौस, म्हणून केला. तुला काय हवंय?”

असं शालनला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःलाही नाही. तिनं पोलक्यात हात घातला, घामानं ओली झालेली उशी काढून टेबलावर ठेवली आणि टाचणी तिच्यात खोचली.

“मला वारा हवाय,” ती म्हणाली. मग हेमाच्या उजव्या बाजूकडं वळली. “आता हलू नकोस. इथं टोचलं तर कळेल.”