भोकाचं नाणं

गल्ला आवरताना बेकरीवालीच्या हाती एक भोकाचं परदेशी नाणं लागलं. "घ्या, बनवलं कुणीतरी मला!" असं पुटपुटत ती पिठाच्या हातांनीच शेजारी, जुन्या नाण्यांचे जाणकार असलेल्या काकांच्या घरी गेली.

भिंगातून बघताच काका खुर्चीतून उडालेच. "अगं, फार दुर्मिळ आहे हे! यात तुझी नवी भट्टी येईल!"

बेकरीवालीने आनंदाच्या भरात काकांनाच गरागरा फिरवलं.

"पण दिलं कुणी?" काकांनी धापा टाकत विचारलं.

"आज सुट्टे दिले ते एकट्या आपल्या काकूंनीच!"

काकांचा चेहरा पडला. त्यांनी आत हाक मारली, "अगं, पावाला सुट्टे कुठून घेतलेस?"



"तुमच्या त्या मखमली डब्यातून! काळजी नको, अजून आठवडाभर पुरतील."