रांगोळीतला डोंगर

रांगोळीच्या डब्याचं झाकण पायरीवर टण्णकन पडलं आणि इतका वेळ पदराआड गप्प बसलेल्या बायका खळाळून हसल्या.

"घ्या, डब्यानंच पयलं तोंड उघडलं," शालन म्हणाली. "भामा आत्या, आता तुमी हात घाला."

दगडखाणींनी पोखरलेल्या गावांचा पुढल्या वीस वर्षांचा आराखडा करायला राजेश्वरी मॅडम पुण्याहून आंदर मावळातल्या या वाडीत आल्या होत्या. कागद नको म्हणाल्या. सारवलेल्या अंगणातच वाडी काढा. पांढरी रांगोळी जमिनीला, खडे घरांना, पाण्याला नीळ.

भामाबाईनं चिमूट उचलली. घरं झाली, भाताची खाचरं झाली, देवाचा माळ झाला. मग तिचा हात वर वर चढत गेला. शालननं चढणीवर करवंदीची पानं मांडली, कस्तुराबाईनं गुरांची वाट ओढली. पाच वर्षांची परी आजीच्या कोपराशी बसून सारखी विचारत होती, "ह्ये काय? आन् ह्ये?" शेवटी भामाबाईनं डोंगराच्या कुशीत निळीचा ठिपका दिला.

"ह्यो झरा. भर उनाळ्यात बी हंडा बुडतुया ह्यात."

"अरे वा! म्हणजे वाडीला पाणी आहे." राजेश्वरींनी वहीत लिहून घेतलं. "मग पाण्याची योजना आधी खालच्या गावाला धरू."

भामाबाईची सून रूपा मागं उभी होती. रोज पहाटे खालच्या ओढ्यावरून डोक्यावर हंडे चढवत होती ती, दुसरं कोण?

ती पुढं आली, उकिडवी बसली आणि तळहातानं डोंगर पुसून टाकला. झऱ्यासकट. बायका एकदम भानावर आल्या. डोंगर होता तिथं रूपानं बोटानं मोठा वाटोळा खड्डा काढला.

"ह्ये हाय आता मॅडम. खाण. डोंगर न्हाई, झरा न्हाई. आत्यांचं पाय अजून जुन्याच वाटंनं चालत्यात."

भामाबाई बोटाची नीळ लुगड्याला पुसत राहिली.

राजेश्वरींनी लिहिलेली ओळ खोडली. "या खड्ड्यात पाणी साठवता येईल का, ते बघू. किती खोल असेल?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या.

"सात परस, येकावर येक सात मानसं उभी ऱ्हातील इतका," रूपा म्हणाली.

"इतकं नेमकं कसं माहीत?"

"सा वरसं कामाला हुते की तितं. सुरुंग उडला, धुरळा बसला, की घमेली घिऊन आमीच आत उतरायचो."

परी आजीजवळून उठली. आईच्या मांडीला रेलून तिनं वर पाहिलं.

"आये, मंग तवा आजीचा झरा तुला दिसला न्हाई व्हय गं?"