कड्याकडची हाक

"वर घे गं, नेल, वर घे!" लहानपणापासून ऐकलेली बाबांची ती हाक, मेंढ्या उतरवायच्या दिवशी डोंगरावरून अजून येते. बाबांना तर चॅपलमागे पुरलंय.

नेल कुत्री त्यांनीच शिकवलेली. हाक आली की ती कळप कड्याकडे वळवते. गेल्या वर्षी निम्म्या मेंढ्या खाली पडून मेल्या.

"उरलेल्या विकून टाक, लुनेद," शेजारचे इद्वाल काका म्हणाले. "डोंगर तुझ्या बाबांचा आहे, पोरी."

"मग सोबत न्यायचा होता!"

यंदा मेंढ्या उतरवताना हेदरच्या फुललेल्या झुडपांनी जांभळ्या झालेल्या उतारावर धुकं आलं. हाक या वेळी माझ्या कानाशीच आली. नेल माझ्या पाठीमागे बघून शेपूट हलवू लागली.

मी वळले नाही. त्यांना पुरताना गिळलेले शब्द मोठ्यानं बोलले, "बाबा, तुम्ही मेलात. कळप माझा आहे."