पहिला झोका

गोवा राज्य झालं त्या वर्षी आमच्या इब्रामपूरच्या घरात धाकट्या सुनेच्या मुलाचं बारसं होतं. थोरल्या विनोदिनीला मूल नव्हतं. पाळीचं रक्त आतच साचतं, लोखंडासारखा गंज चढतो, म्हणून गर्भ राहत नाही, असं म्हापशाची डॉक्टरीण म्हणाली होती. तिची औषधं घेतली आणि या खेपेला पाळी लांबली. शेजारीण पुटपुटली, “वांझेला पाळण्याकडे नको गो.” “तुझं तोंड विटाळलंय, तूच लांब बस,” मी ठणकावलं. “पहिला झोका माझी विनूच देणार.” दोरी घेऊन हाक मारली. ती अंगणातल्या पायरीवर पोट धरून वाकली होती. “आई, मी बाहेरची झाले. आत्ताच.” बायकांच्या माना खाली गेल्या. मी दोरी टाकली आणि तिला कुशीत घेतलं. “काकी, शिवलात तिला!” कोणीतरी ओरडलं. नातवाचं नाव काय ठेवलं, ते मला संध्याकाळी कळलं.