सुनेच्या नावावर

दातांची डॉक्टरीण दुकानाच्या मधोमध सायकलवर बसली आणि सीट तिच्यासकट दोन बोटं खाली गेली. बटण कुणी दाबलं नव्हतं.

“बघा!” ती तशीच बसून म्हणाली. “उतारावर मला हवी तेव्हा ही खाली जायला हवी. ही चढावरही बसतेय. दुरुस्त करून चार दिवस झाले नाहीत. आणि मी मुद्दाम ताईंकडेच द्यायला सांगितलं होतं.”

म्हाताऱ्याने कामाचं कार्ड शोधून काउंटरवर ठेवलं. कार्डावर त्याच्या सुनेचं नाव होतं. “नाव तर तिचंच आहे,” तो म्हणाला.

दुकान त्याने स्वतःच्या हातांनी उभं केलेलं. पण दोन वर्षांपूर्वी सून कामाला बसली, आणि तेव्हापासून येणारा प्रत्येक जण “ताई आहेत का?” असंच विचारायचा. हा समोर पाना घेऊन उभा असायचा, तरी! त्याचा नुसता जळफळाट व्हायचा. तिचं काम वाईट असतं तर त्याने तिला हौसेने शिकवलं असतं. ते चांगलं होतं, हेच डोळ्यांत खुपत होतं. त्यात मुलाने जेवताना हळूच सांगितलं होतं, “बाबा, पुढच्या महिन्यापासून हे वरखाली होणाऱ्या सीटचे ड्रॉपर तीच करेल. तुम्ही आपले काउंटरवर बसा.”

म्हणून मागच्या आठवड्यात सून दोन दिवस माहेरी गेली, तेव्हा म्हाताऱ्याने ही सायकल गुपचूप स्वतःच खोलली. कार्डावर नाव मात्र तिचंच राहू दिलं. बघू तरी, फरक कुणाला कळतो! सून परतायच्या आत डॉक्टरीणबाई सायकल न्यायला आल्या. सीटवर एकदा बसून म्हणाल्या, “ताईंचा हातच वेगळा!” त्या दिवशी म्हातारा जेवताना आपला आपणच हसत होता.

आता खरं सांगितलं तर चूक त्याची ठरत होती, आणि गप्प राहिलं तर सुनेची. तो गप्प राहिला. आतून जरा बरंही वाटलं त्याला. खोटं कशाला बोला.

तेवढ्यात सून आतून आली आणि तिने ड्रॉपर बाहेर काढून खोलला. नळीत एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला हवा आणि मध्ये बोटाच्या पेराएवढा पिस्टन. तो नेमक्या खोलीवर नसला तर हवा तेलात शिरते आणि सीट बसकण मारते. सुनेने कंपनीची मोजपट्टी आत घातली. तीन मिलिमीटरचा फरक. तिने सासऱ्याच्या टेबलाकडे पाहिलं. स्पोक कापून, कानशीने खाच पाडून त्याने केलेलं माप तिथे पडलं होतं, जुन्या बनावटीच्या ड्रॉपरचं. मग तिने कार्डावरची तारीख पाहिली, ती माहेरी होती त्या दिवसाची.

“माझीच चूक,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. “अर्ध्या तासात करून देते.”

अर्ध्या तासाने बाई पुन्हा सीटवर बसल्या, दोनदा उसळून पाहिलं. सीट जागची हलली नाही. त्या खूश होऊन गेल्या.

म्हाताऱ्याला मात्र ते सहन होईना. पोरीने चार शब्द सुनावले असते तर चाललं असतं. आता मोठेपणातही तीच पुढे!

“तो मी केला होता,” तो एकदम तडकून म्हणाला. “कळलंय तुला, उगाच साळसूदपणा करू नकोस. एक बिघडला माझा. एक! या दोन वर्षांत याच मापाने शंभरेक ड्रॉपर बसवलेत मी. एक तरी परत आला? सांग ना!”

सून चिंधीने हात पुसू लागली. तिला बोलायचं नव्हतं. म्हातारा तिच्यासमोरून हलेना.

“नाही आला, बाबा,” ती शेवटी खाली बघत म्हणाली. “तुम्ही घरी गेलात की मी ते पुन्हा उघडते.”