सतरावा प्रश्न

“बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात तुम्हाला कोणी मारलं का?” आकांक्षाने प्रश्नावलीतला सतरावा प्रश्न वाचला. मोठ्या पाहणीआधी बायांना प्रश्न नीट कळतात का, हे तपासायला ती घनसावंगीकडच्या गावांत फिरत होती.

“न्हाई माय,” नंदाबाई म्हणाली. “कळा देताना मांडीवर चापटा देतेत, तेवढ्याच. वरडलं की आणखी दोन. त्याला काय मारणं म्हंतेत का?”

आकांक्षाने ‘मारलं’ खोडून ‘चापट मारली’ असं लिहिलं आणि प्रश्न पुन्हा विचारला.

“हां, आता बराबर विचारलं. मंग हो लिव्ह. अन् ठळक लिव्ह, पोरी. पुढच्या महिन्यात माझी लेक तिथंच बाळंत व्हायची हाये.”

बदललेला प्रश्न आकांक्षाने आणखी एकोणचाळीस जणींना विचारला. चाळीसच्या चाळीस बाया हो म्हणाल्या.

जालन्याच्या ऑफिसात सरांनी उत्तरांचा तक्ता पाहिला आणि सतराव्या प्रश्नावर लाल रेघ मारली.

“सर, चाळीस बाया मार खाल्ल्याचं सांगतायत, आणि तुम्ही हा प्रश्नच काढून टाकता?” आकांक्षाचा आवाज चढला.

“म्हणूनच काढतोय. सगळ्यांचं उत्तर एकच आलं, तर तुलना कशाची करायची?” सर शांतपणे म्हणाले. “काही बायांना तरी मारलं नसतं, तर ठेवता आला असता.”