चेक म्हणजे बघणं

पोकरच्या डावात ‘चेक’ म्हणताना संपतराव दर वेळी आपल्या पत्त्याचा कोपरा नखानं अर्धा सेंटिमीटर उचलत आणि आत डोकावत. मंठा गावातल्या घरी रविवारी दुपारी शेंगदाणे लावून तिघांचा खेळ चालला होता. त्यांनी चौथ्यांदा तसं केलं, तेव्हा लेकीला, प्रीतीला, हसू आवरेना.

“पप्पा, चेक म्हंजे पत्ते बघणं न्हाई हो! काही लावायचं न्हाई, डाव बी सोडायचा न्हाई. नुस्ती चाल पुढच्यावर ढकलायची.”

“हात्तिच्या! म्हंजे तुझ्या आईचं ‘बघू’!” संपतराव खो खो हसले.

प्रीती मात्र हसायची थांबली.

तिच्या आईच्या, प्रभावतीबाईंच्या, ते बरोबर लक्षात आलं. दोन वर्षांपासून प्रीती राजानंदशी लग्न करायचं म्हणत होती. संपतराव त्याला भेटून आले होते, राजीही होते. पण मुलगा दुसऱ्या जातीचा. भावकी काय म्हणेल या धास्तीनं प्रभावतीबाई प्रत्येक वेळी ‘बघू’ म्हणत. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईला नाही म्हणायची लाज वाटे आणि हो म्हणायची भीती. दोन वर्षं ‘बघू, बघू’ म्हणताना त्यांनी त्या मुलाला एकदाही बघितलं नव्हतं.

“आई, तुझी चाल.”



“येत्या रविवारी राजानंदला जेवायला बोलव,” त्या म्हणाल्या. “आईवडलांसकट.”